डाव्या टोकाचा माणूस

दुष्काळाचे फोटो घेऊन गावोगाव जायचं अलकानं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न गाडीचा निघाला. गाडी माझ्याकडे होती. दुसरा प्रश्न फोटो न खरचटता नेण्याचा आणि टांगण्याचा. तेही माझंच काम. तिसरा प्रश्न, बोलायचं कुणी? तो कुणी विचारलाच नाही.

अलका माझी कॉलेजातली मैत्रीण. तिनं जन्मभर इतिहास शिकवला. मी पुण्यात जुने फोटो दुरुस्त करून देते. सासऱ्यांचा स्टुडिओ होता, तिथं जे काम ब्रशानं व्हायचं ते आता मी संगणकावर करते. इंग्रजांच्या राज्यात मोठे दुष्काळ पडले, तेव्हा काही साहेब लोकांनी उपाशी माणसांना ओळीत बसवून त्यांचे फोटो काढले होते. आल्बम करून ते एकमेकांना दिले, विकलेसुद्धा. त्यांतले बरेच अलकानं खटपट करून मिळवले. कागद पिवळे पडलेले, काचा चिरलेल्या, कशावर बुरशी. ते सगळे मी साफ केले, एकेक चेहरा पडद्यावर ताटाएवढा मोठा करून. मग अलकानं त्यांचं प्रदर्शन भरवलं आणि ते गाजलं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. तिच्या मागे भिंतीवर माझं काम दिसतं, थोडं अंधुक.

मला अलकाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी कोड्यात पडायला नको.

प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी ती म्हणते, "ह्यातल्या एका माणसाचं तरी नाव मला कळावं, एवढीच इच्छा आहे." इच्छा खरी आहे तिची. माझीही तीच होती, फक्त ते मला कळावं आणि तिला माझ्याकडून कळावं, असं माझं होतं. म्हणून मी भोर आणि वेल्ह्याच्या ह्या फेरीला हो म्हटलं. पितृपक्ष चालू होता, ह्या दिवसांत माझ्याकडे गिऱ्हाईक तसंही कमी असतं.

भोंगवली

कापूरहोळपाशी हायवेवरच चाक बसलं. तिथं पंक्चरची दुकानं एवढी आहेत की चाक बसवायचंच तर ह्याहून सोयीची जागा नाही. मी जॅक काढला. अलका शेजारच्या धाब्यावर चहा सांगायला गेली आणि चाक चढेपर्यंत धाबेवाल्याच्या आईची अर्धी कहाणी घेऊन परत आली. म्हातारीनं चहाचे पैसे घेतले नाहीत. माझा चहा तोवर गार झाला होता.

भोंगवलीला शाळेच्या वर्गात फोटो लावायचे होते. मी खिळे ठोकत होते, तेव्हा अलकानं गावकऱ्यांना माझी ओळख करून दिली. "ह्या माझ्या मैत्रीण शुभाताई. हे सगळे फोटो ह्या साफ करतात." थोड्या वेळानं एका मुलीनं मला ओलं फडकं आणून दिलं. मी ते घेतलं आणि काचा पुसल्या. काचांना धूळ होतीच.

ज्यांनी हे फोटो पाहिले नाहीत त्यांच्यासाठी एवढं सांगते, की ते फार स्वच्छ आहेत. त्या काळी कॅमेऱ्यापुढं बराच वेळ न हलता बसावं लागे. लग्नामुंजींच्या जुन्या फोटोंत कुणीतरी हमखास हललेला सापडतो. दुष्काळाच्या फोटोंत तसं होत नाही. ह्या लोकांना हलायची ताकद नव्हती, त्यामुळे साहेबांना फोटो उत्तम मिळाले.

त्यांत एक मोठा फोटो आहे. दहा-बारा माणसं जमिनीवर बसलेली, मागे पांढरी भिंत. कुठला ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. डाव्या टोकाला एक म्हातारा उकिडवा बसला आहे, कमरेला चिंधी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. खरं तर तो म्हातारा नसेलही, उपाशी माणसाचं वय सांगता येत नाही. नाक उजवीकडे कललेलं आणि डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली. त्याच्या गालावर बुरशीचा डाग होता. तो काढायला मी जेवढे दिवस घातले तेवढे माझ्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोवर घातले नाहीत.

भोंगवलीकडे पाऊस बेताचा, त्यामुळे दुष्काळ म्हटलं की लोकांना बोलायला खूप असतं. आजोबा, पणजोबा गवताचं बी झोडून त्याच्या भाकरी कसे खायचे, हे एका गृहस्थांनी सांगितलं. अलकाचा हात हातात धरून सांगितलं. ती ऐकते फार छान, मान थोडी वाकडी करून. मी तशी मान करून पाहिली आहे, मला लोक विचारतात की अवघडली आहे का.

निघताना पावसाची सर आली. मी फोटो पोत्यात गुंडाळून गाडीकडे दोन-तीन खेपा केल्या. अलका व्हरांड्यात एका मुलाच्या मोबाईलवर मुलाखत देत होती. दुसऱ्या एकानं मला डिकीचं झाकण धरून ठेवायला मदत केली आणि चौकशी केली, "म्याडमकडं लई दिस हाय का तुमी, डायव्हर म्हनून?"

भोर

भोरला आम्ही अलकाच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे उतरलो. मला वेगळी खोली मिळाली. अलकाला मिळाली तिला गॅलरी होती आणि गॅलरीतून नदी दिसत होती.

सकाळी भाटघरला जाऊन आलो. धरण काठोकाठ भरलं होतं आणि दगडी भिंत ओली काळी दिसत होती. हेही साहेबाच्या काळातलं. त्यांचं दगडाचं काम आणि काचेवरच्या फोटोंचं काम, दोन्ही टिकलं आहे. धरणाच्या रस्त्यावर एकानं ताजे मासे विकायला मांडले होते. मी विकत घेणार होते, पण आमच्या यजमानीणबाईंच्या घरी पितृपक्षात मासे चालत नाहीत म्हणून अलकानं मला अडवलं. तिचं बरोबर होतं. तिचं बहुतेक बरोबर असतं, हीच अडचण आहे.

कॉलेजातलं व्याख्यान झालं. मुलं हलली नाहीत. शेवटी ते नावाचं वाक्य आलं आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी रडली. मी मागे प्रोजेक्टरपाशी होते. तो मध्येच बंद पडला होता, ते कुणाला कळलंही नाही, इतक्या पटकन मी वायर बदलली. नंतर प्राचार्यांनी अलकाला शाल दिली आणि मला शालीची पिशवी धरायला दिली.

वेल्ह्याकडे

भोरहून परत कापूरहोळ, तिथून नसरापूर आणि मग वेल्ह्याचा रस्ता. पाट्यांवर आता तालुक्याचं नाव राजगड आहे, बोलताना सगळे वेल्हेच म्हणतात. नसरापूरच्या पुढं डोंगर जवळ यायला लागतात आणि भाताचा रंग गडद होत जातो. बांधावर सोनकी फुललेली. पुण्यात मी खिडकीत तुळस लावली तरी मरते, इथं दगडाच्या खाचेत काहीही उगवतं. अलकानं वाटेत गाडी थांबवायला लावून फुलांचे फोटो काढले. त्यातले दोन हललेले होते, ते बघून मला बरं वाटलं.

ज्या गावात आम्ही गेलो त्याचं नाव मी देणार नाही. त्याचं कारण पुढं येईल. बायांची नावंही बदलली आहेत. अलकाचंसुद्धा.

शाळेच्या व्हरांड्यात फोटो लावले. संध्याकाळी भात-नाचणीची कामं आटोपून लोक आले. "हितं एवढा पाऊस, दुष्काळ कशाचा?" असं एकजण म्हणाला. त्यावर दुसऱ्यानं सांगितलं की देशावर पीक बुडलं की तिकडची माणसं इथं वर यायची, जंगलातले कंद खणून पाण्यात चारचारदा उकडून खायची, आणि इथली धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला देशावर जायची. गेलेली सगळी परत आली नाहीत. अलकानं ते टिपून घेतलं.

साठी ओलांडलेली एक बाई मोठ्या फोटोपुढं उभी होती, डाव्या टोकाला. बाकीचे येऊन गेले तरी ती तिथंच. नाव सोनाबाई. तिच्यापासून दोन हातांवर तिची चुलत जाऊ इंदूबाई. ती फोटो कमी बघत होती आणि सोनाबाईंकडे जास्त. सोनाबाईंनी मला विचारलं, "ह्यो मानूस कुठला?" मी तोंड उघडायच्या आत अलका आली. तिनं फोटो काढण्याची पद्धत, साहेबांचे आल्बम, सगळं त्यांना सोप्या भाषेत समजावलं, आणि हा फोटो बहुतेक दक्षिणेकडचा असावा असं सांगितलं. सोनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या आमच्यात म्हाळ हाय," त्या म्हणाल्या. "तुमी दोघी जेवाया या."

म्हाळ म्हणजे पितरांचं जेवण. पुण्यात आम्ही ते फोनवरून मागवतो, पाच माणसांचं, डब्यासकट. इथं अख्खी भावकी एका घरी जेवते.

म्हाळ

सोनाबाईंच्या ओटीवर पाटावर एक तसबीर ठेवली होती. काळा कोट, तीन बटणं, घड्याळाची साखळी, डोक्याला फेटा. भावकीचे थोरले आबा. हार नवा होता. काच आतून धुरकट झाली होती, तरी मला दारातूनच दिसलं.

नाक उजवीकडे कललेलं. फेट्याखाली डाव्या कानाची पाळी, मधोमध फाटलेली.

मी आत जाऊन वाकून नमस्कार केला, म्हणजे जवळून बघता आलं. तोच होता. ज्याच्या गालावर मी एवढे दिवस घातले, तो माणूस मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

हे कसं होतं ते मला माहीत होतं, कारण सासऱ्यांच्या स्टुडिओतही हे व्हायचं. घरातल्या जुन्या माणसाचा फोटो नसला की लोक दुकानात येऊन वर्णन सांगत. नाक असं, कपाळ असं. दुकानात जुन्या फोटोंचं खोकं असे, साहेब लोक देश सोडताना विकून गेलेले फोटोही त्यात असत. गिऱ्हाईक त्यातून जुळणारं तोंड निवडी. मग कारागीर मानेपासून वरचं तेवढं घेई आणि खाली ब्रशानं कोट काढी. कोट ठरलेला. सासरे म्हणायचे, निम्म्या जिल्ह्याचे पूर्वज मी एकाच कोटात बसवलेत. ह्यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. गिऱ्हाइकाला माहीत असे. पुढच्या पिढीला मात्र कुणी सांगत नसे.

मी पंगतीत बसले. अलका पलीकडे बायकांच्या घोळक्यात बसून वड्यांची कृती विचारत होती. ज्या माणसाचं नाव कळावं म्हणून ती गावोगाव गहिवरते, तो तिच्या उजव्या हाताला पाटावर बसला होता. तिनं त्याला नमस्कारही केला होता. ओळखलं नव्हतं. हा शोध माझा होता, सगळाच्या सगळा. मथळा कसा असावा इथपर्यंत माझा विचार झाला.

सोनाबाईंनी पहिलं ताट आबांपुढं वाढलं. भात, आमटी, गवार-भोपळ्याची भाजी, कढी, उडदाचे वडे, अळूच्या वड्या आणि तांदळाची खीर. खीर एवढी ओतली की ती भातात गेली. बाईचा हात सैल आहे, असं मला वाटलं. मग कावळ्याचा घास कौलावर गेला, आणि आम्हाला वाढायला सुरुवात झाली.

शेजारच्या मुलाकडून मला कळलं की ही भावकी दोन पात्यांची, म्हणजे दोन शाखांची. थोरली पाती इंदूबाईंची, धाकटी सोनाबाईंची. रीतीप्रमाणे म्हाळ थोरल्यांकडे व्हायला हवा. पण सोनाबाईंचे सासरे पुण्यात हमालीला होते, त्यांनी आबांचा हा फोटो आणला, आणि तेव्हापासून फोटो ज्या घरी त्या घरी म्हाळ असं होऊन बसलं. इंदूबाई दर वर्षी येतात, उंबऱ्यावर बसतात आणि मीठ कमी आहे म्हणतात.

त्या दिवशीही त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. सगळ्यांच्या पानात वडे पडल्यावर त्या बोलल्या.

"काल शाळंत त्यो उघडाबंब म्हातारा टांगलाय न्हवं, डाव्या अंगाला. मला वाटतंय ह्योच हाय त्यो. ह्याला कोट घातलाय, येवढंच."

पंगत हसली. "काकू, आबांना पार भिकेला लावलं की तुमी," असं कुणीतरी म्हणालं. सोनाबाईंच्या हातातली पळी भांड्यातच थांबली.

"हसू नगा," इंदूबाई म्हणाल्या. "ह्यांचा मामंजी पुन्यात फोटो करून घ्याया गेला, तवा आबा मरून किती वर्सं झालती? मेल्याल्या मानसाचा फोटो निघतू व्हय?"

प्रश्न रास्त होता. पंगत हसायची थांबली. मग अलका बोलली. तिच्या त्या मऊ आवाजात तिनं सांगितलं की उपाशी माणसांचे चेहरे एकमेकांसारखेच दिसतात, आणि पाहणाऱ्याला त्यात आपलं माणूस दिसतं, हे तिनं गावोगाव अनुभवलं आहे. शाळेतला तो माणूस इकडचा नाहीच. आणि जुने फोटो नंतर पुन्हा मोठे करून घेत, त्यात नवल काही नाही. "आणि हे आबा बघा ना तुमचे. किती रुबाबदार आहेत."

माना डोलल्या. अलकाचं बोलणं लोकांना नेहमीच पटतं. तिला काही माहीत नव्हतं, तरी पटलं.

इंदूबाईंना पटलं नाही. मला ती बाई त्या क्षणी फार जवळची वाटली. मोठी असून उंबऱ्यावर बसायचं आणि दुसरीकडे लोकांनी गोळा व्हायचं, हे काय असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्या म्याडम शिकल्याल्या हाईत, खरं हाय. पर फोटूचं काम ह्या बाईंचं, असं त्याच म्हनल्या काल. ह्यांनी सांगावं."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. ह्या अख्ख्या प्रवासात हे पहिल्यांदा झालं. अलकाही वळून बघत होती, मी आता तिचंच पुढं चालवणार अशा खात्रीनं. मला फार काही करायचं नव्हतं. गाडीतून फोटो आणायचा, पाटावरच्या तसबिरीशेजारी धरायचा आणि कानाच्या पाळीवर बोट ठेवायचं. वीस-पंचवीस माणसांसमोर अलका चुकलेली मी पाहिली असती. कॉलेजपासून एवढ्या वर्षांत तसं कधी झालेलं नाही.

मी सोनाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आबांच्या ताटाकडे बघत होत्या.

"अलकाताई म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हटलं. "हा तो नाही. काच मात्र बदलून घ्या, आत ओल गेली आहे."

इंदूबाई उठून घरात गेल्या. पंगत पुन्हा बोलायला लागली, आणि अलकानं लांबून माझ्याकडे बघून मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी.

जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात सोनाबाई माझ्या हातांवर पाणी घालायला आल्या. कुणी नाही असं बघून त्या बोलल्या.

"त्योच हाय न्हवं?"

"हो."

"म्या काल शाळंतच वळाकला. रोज पुसती त्याला." त्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "मामंजींनी मला सांगितलं व्हतं. त्यांचा आजा खडी फोडाया देशावर गेला, त्यो माघारी आला न्हाई. कसा दिसायचा त्ये कुनाला ठावं? येवढंच ठावं व्हतं की नाक वाकडं व्हतं. दुकानदारानं खोकं उघडलं, मामंजींनी नाक बघून ह्यो घेतला. मुंडकं दावलं त्यानं. धड न्हाई दावलं."

मी हात पुसले. आता फोटो उतरवून ठेवणार का, असं मी विचारलं.

"का उतरवू? लगीन हून आले तवापासनं म्या वाढती त्याला. काल त्याचं प्वाट बघितलं. आज खीर जास्ती वाढली." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "आन् जाऊबाईंना कळलं तर म्हाळ तिकडं जाईल. ती खीर पातळ करती."

त्यांनी मला विचारलं की हा माणूस मामंजींचा आजाच नसेल कशावरून. नाक वाकडं, खडी फोडायला गेलेला, परत न आलेला. मी म्हटलं, शक्यता फार कमी आहे. पण नाहीच असं सांगायला माझ्याकडे पुरावा नव्हता. अलका तो फोटो दक्षिणेतला म्हणते, तो तिचा अंदाज आहे.

निघताना सोनाबाईंनी तसबीर जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. काच बदलून आणि आतली बुरशी काढून द्यायची होती. अलकानं हात पुढं केला होता, पण त्यांनी तिला ओलांडून मला दिली. तिला त्यांनी तांदळाची पिशवी दिली. मोठी होती पिशवी. तरी मला माझ्या हातातलं जास्त आवडलं.

पुणे

डिकीत तो मोठा फोटो आणि ही तसबीर शेजारी शेजारी होती. नसरापूरपर्यंत अलका त्या प्रसंगाबद्दलच बोलत होती. "तू दुजोरा दिलास म्हणून, नाहीतर ती बाई ऐकायला तयार नव्हती," ती म्हणाली. मी गिअर बदलला.

पुण्यात आल्यावर मी चौकट उघडली. फोटो स्कॅन केला नाही असं लिहिलं तर माझ्या धंद्यातलं कुणी विश्वास ठेवणार नाही. केला. दोन्ही चेहरे पडद्यावर एकमेकांवर ठेवून पाहिले. पाळीची चीर केसाएवढीही सरकली नाही. कारागिरानं गाल जरा भरून काढले होते, बाकी हात लावला नव्हता. कोट सुरेख होता. मी बुरशी काढली, नवी काच घातली आणि सोनाबाईंचा मुलगा टेम्पो घेऊन मार्केट यार्डात आला तेव्हा तसबीर त्याच्या हाती दिली. स्कॅन मी ठेवला आहे. कुणाला दाखवलेला नाही.

त्यानंतर अलकाचं पुण्यात व्याख्यान झालं, मोठ्या सभागृहात. मी प्रोजेक्टरपाशी. शेवटच्या नावाच्या वाक्याआधी ह्या वेळी नवीन मजकूर होता. डोंगरातल्या एका गावात एका साध्या बाईला ह्या डाव्या टोकाच्या माणसात आपल्या घरातले पूर्वज दिसले. तसं अर्थातच नव्हतं. पण भुकेल्या माणसाला आपला म्हणण्याचं हे मोठं मन आपल्या खेड्यांत अजून आहे. "माझी मैत्रीण शुभा साक्षीला आहे," असं म्हणून तिनं मागे हात केला. तीनशे माना वळल्या. मी मान हलवली.

इंदूबाईंचं मोठं मन. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. किती छान बोलतात ना तुमच्या मैत्रीण, असं त्या मला म्हणाल्या. मी हो म्हटलं, कारण छानच बोलली होती.

घरी येऊन मी सोनाबाईंना फोन लावला. काच कशी आहे ते विचारलं, भाताची कापणी कुठवर आली ते विचारलं. मग म्हटलं की मला ह्या सगळ्यावर लिहायचं आहे, लिहू का.

मागे कुठंतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पर गाव घालू नगा, आन् नाव बी नगं. जाऊबाईंना वाचाया येतंय."

मी कबूल केलं.

"आन् त्या दुसऱ्या ताई? त्यास्नी सांगितलंय का तुमी?"

"नाही. छापून आलं की वाचतील."

"मंग त्यास्नी राग यायचा."

"येईल," मी म्हटलं.

"मंग लिवाच," सोनाबाई म्हणाल्या.